सेंचा उकळू नका, आणि पानं एकदा वापरून फेकूही नका

जपानी ग्रीन टी करायची 'खरी पद्धत' म्हणून एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय: उकळत्या पाण्यात पानं टाका, १० मिनिटं झाकून ठेवा, जितका कडू तितका गुणकारी, पानं एकदा वापरली की फेकून द्या, आणि कॅफिन नसतं म्हणून रात्री बिनधास्त प्या. मला याचा खरंच राग येतो, कारण लोक चांगला महागाचा सेंचा, म्हणजे जपानमधला नेहमीचा ग्रीन टी, आणतात, असा करून पितात, तोंड वाकडं करतात आणि डबा कपाटात मागे ढकलून देतात.

उकळत्या पाण्याचं पटकन पटतं, कारण आपला चहा उकळल्याशिवाय होतच नाही. पण सेंचाची पानं तोडल्यावर लगेच वाफवतात, म्हणून ती हिरवी राहतात, आसामसारखी काळी पडत नाहीत. त्यातलं थिअ‍ॅनिन, म्हणजे जिभेवर रेंगाळणारा तो गोडसरपणा, कोमट पाण्यातही उतरतं. कडू-तुरट कॅटेचिन आणि कॅफिन गरम पाण्यात भराभर सुटतात. म्हणून ७०-८० डिग्रीचं पाणी आणि एक मिनिट, बास. थर्मामीटर वगैरे काही नको, उकळलेलं पाणी एका रिकाम्या कपात ओता, मग दुसऱ्या कपात, दर वेळी साधारण १० डिग्री उतरतात. ग्योकुरोला, म्हणजे सावलीत वाढवलेल्या उंची ग्रीन टीला, तर ५०-६० डिग्रीच पुरे. होजिचा (भाजलेल्या पानांचा), गेनमाइचा (भाजलेला तांदूळ घातलेला), बांचा (जून, भरड पानांचा) यांना मात्र उकळतं पाणी चालतं, नव्हे तेच हवं, तेव्हा 'ग्रीन टीला उकळतं पाणी कधीच नको' असं सांगणारेही अर्धंच सांगतात.

'कडू म्हणजे गुणकारी' यात थोडं तथ्य आहे, जास्त गरम पाण्यात कॅटेचिन जास्त उतरतात हे खरं. पण त्यासाठी पहिलाच कप कशाला नासवायचा? दुसऱ्यांदा जास्त गरम पाणी घाला ना, मागे राहिलेले कॅटेचिन तेव्हा उतरतात.

म्हणजे पानं फेकायची नाहीतच! जपानमध्ये दोन-तीनदा पाणी घालणं अगदी रोजचं आहे. फक्त पहिला कप ओतताना किटली शेवटच्या थेंबापर्यंत पूर्ण निथळू द्या, तळाशी पाणी राहिलं तर पानं त्यातच भिजत बसतात आणि दुसरा कप कडू होतो. मग झाकण जरा तिरकं ठेवा, नाहीतर पानं आतल्या वाफेनं शिजतात. पानं आधीच उलगडलेली असतात त्यामुळे दुसऱ्या वेळी १०-१५ सेकंद खूप झाले. रात्रभर ठेवलेली ओली पानं मात्र फेकाच.

आणि कॅफिन नसतं हे तर साफ खोटं. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात १०० मिलीमागे सेंचात २० मिलीग्रॅम, कॉफीत ६० आणि ग्योकुरोत १६० कॅफिन दिलंय, कॉफीच्या दुपटीहून जास्त (ग्योकुरो थोड्या पाण्यात भरपूर पानं घालून करतात आणि घोटभरच पितात, हेही खरं). झोपेचा त्रास असेल त्यानं रात्री ग्योकुरोच्या वाटेला जाऊ नये. प्यायचाच असेल तर बांचा घ्या, त्यात १०च असतं.