कमरेएवढी लाट

३० जुलै २०२५ च्या सकाळी रशियाच्या कामचात्काजवळ समुद्राखाली ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जपानचा पूर्व किनारा उंचावर जायला निघाला. तीन मीटरपर्यंत सुनामीच्या लाटेचा इशारा होता. जवळजवळ वीस लाख लोकांना घरं सोडायला सांगितलं गेलं. जपानात आलेली सर्वांत मोठी लाट दीड मीटरच्या आतच राहिली. संध्याकाळी कोकणातून, हर्णैहून काकांचा फोन आला. “अगो, कमरेएवढी लाट, नि तेवढ्यासाठी अख्खा किनारा डोंगरावर चढवलात? दिवसाचा धंदा बुडाला, तो कोण भरून देणार?”

काकांनी आयुष्यभर मासेमारीवर घर चालवलंय. त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण मी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर सेंदाईत राहते, आणि इथे या प्रश्नाचं उत्तर लोकांनी फार मोठी किंमत मोजून मिळवलं आहे.

आधी लाटेबद्दल. वाऱ्याने उठलेली दीड मीटरची लाट आपण नेहमी बघतो. ती फुटते आणि मागे जाते. वारा पाण्याचा वरचा थर हलवतो. भूकंपात समुद्राचा तळच उचलला जातो, त्यामुळे तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी सरकतं आणि कित्येक मिनिटं आत येतच राहतं. अशा पाण्यात गुडघ्यापर्यंत उभ्या माणसाचेही पाय सुटतात. कमरेएवढं पाणी त्याला होड्या आणि ओंडक्यांसकट ओढून नेतं.

आता इशाऱ्याबद्दल. ११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ ला इथली जमीन हादरली. तीन मिनिटांत इशारा गेला, पण पहिल्या गणितात भूकंप ७.९ चा ठरला होता. प्रत्यक्षात तो ९ चा होता. इवाते प्रांताला सांगितलं गेलं, लाट तीन मीटर. तिथल्या तारो गावाला दहा मीटर उंच भिंत होती. तीन मीटर ऐकून भिंतीमागे थांबणाऱ्याला मूर्ख कोण म्हणेल? आकडा नंतर वाढवला, पण तोवर ठिकठिकाणी वीज गेली होती, म्हणून अनेकांपर्यंत तो पोहोचलाच नाही. पाणी भिंतीवरून आत आलं. जपानभरात एकूण साडेपंधरा हजारांवर माणसं गेली, अडीच हजारांवर अजून बेपत्ता आहेत. म्हणून २०१३ पासून महाकाय भूकंपाच्या पहिल्या इशाऱ्यात इथे मीटर सांगत नाहीत, ‘प्रचंड’ एवढाच शब्द देतात. काकांना जो गाजावाजा वाटला, तो मुद्दाम केलेला आहे.

इशिनोमाकीजवळची ओकावा प्राथमिक शाळा मी दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा जायचं नव्हतं, गावाकडून आलेल्या बहिणीसाठी गेले. शाळा समुद्रापासून जवळजवळ चार किलोमीटर आत, नदीकाठी. सुनामीच्या धोक्याच्या नकाशात ती सुरक्षित होती, उलट लोकांनी आश्रयाला यायची जागा म्हणून ठरलेली होती. त्या दिवशी मुलं पटांगणात सुमारे पन्नास मिनिटं थांबली. मोठी माणसं कुठे जायचं ते ठरवत होती. मागे टेकडी आहे. मुलं तिथे अळंबी लावायला जायची. पाणी आलं आणि ७४ मुलं नि १० शिक्षक त्यात गेले. पालक कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल कायम झाला: संकटाआधीची तयारीच अपुरी होती, आणि ती जबाबदारी प्रशासनाची. बहीण त्या टेकडीकडे बघत एवढंच म्हणाली, “शाळेच्या मागेच आहे गं.”

आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो, अरबी समुद्रात असलं काही होत नाही. दुसरा म्हणतो, धूपप्रतिबंधक बंधारा आणखी उंच करा. पहिल्यांना मी १९४५ सांगते. २८ नोव्हेंबरच्या पहाटे आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यापाशी ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईत पाणी चढून माणसं बुडाली. दुसऱ्यांना तारोची भिंत सांगते. इथे २०११ नंतर शेकडो किलोमीटर नव्या भिंती उभ्या राहिल्या, आणि काही गावांतल्या कोळ्यांनीच त्यांना विरोध केला. समुद्र दिसला नाही तर तो काय करतोय ते कळणार कसं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

पण जपानचं सगळं कोकणात जसंच्या तसं चालणार नाही. इथे जवळच्या भूकंपात धक्का हाच इशारा असतो, पाणी अर्ध्या तासात येतं. मकरानचा धक्का हर्णैत जाणवेलच असं नाही. तिथे सगळी भिस्त हैदराबादच्या सुनामी केंद्राच्या निरोपावर, आणि तो बंदरातल्या शेवटच्या होडीपर्यंत पोहोचण्यावर. आपल्या हातात काही तास असतील. शिवाय कोकणातल्या कितीतरी वाड्यांना पाठीशी सडा, म्हणजे कातळाचं उंच पठार आहे. तिथे चढणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, रात्री दिसते का, म्हातारी माणसं ती किती वेळात चढतात, आणि हे शाळेतल्या पोरांना कोणी कधी चालून दाखवलंय का? बंधाऱ्याच्या उंचीवरून भांडण्याआधी मला हे ठरलेलं हवंय.

फोनवर काकांना विचारलं, बंदरावरून सड्यावर जायला किती वेळ लागतो? “मला? गुडघे धरून पाऊण तास.” आणि काकूला? ते जरा थांबले. “ती नाही गो चढायची.” मे महिन्यात मी जातेय. शेजारचे दोन पोरगे आणि एक खुर्ची घेऊन आम्ही तो चढ काकूसकट एकदा चढून बघणार आहोत.