कऱ्हाडचे वीस सभासद

"अहो साहेब, ती कऱ्हाडच्या सभासदांची यादी तेवढी पाठवा की. दोन मिनिटांचं तर काम!"

फोन पतसंस्थेच्या मॅनेजरकाकांचा. वार्षिक सभेच्या नोटिसा काढायच्या होत्या. त्यांचं सॉफ्टवेअर जँगोत, म्हणजे पायथन भाषेतल्या एका तयार सांगाड्यात (फ्रेमवर्कमध्ये), लिहिलेलं आणि त्याची उस्तवार माझ्याकडे. जँगोत शेल नावाची एक काळी खिडकी असते. तिच्यात एक ओळ लिहिली की मॉडेलचे, म्हणजे नोंदींच्या साच्याचे, हवे ते ऑब्जेक्ट (एकेक नोंद) हात बांधून समोर उभे राहतात. त्या भरवशावर मी बोलून गेलो, "काका, फोन ठेवूच नका."

गावाच्या नावाने फिल्टर मारला. उत्तर आलं: मेंबर ऑब्जेक्ट (१), मेंबर ऑब्जेक्ट (४), मेंबर ऑब्जेक्ट (९)... जनगणनेच्या मास्तरांना घरधन्याने "लिहा, माणूस, माणूस, आणखी एक माणूस" असं सांगावं, तसं. मॉडेल लिहिताना दोन ओळींची स्ट्रिंग मेथड, म्हणजे नोंद कोणत्या नावाने दाखवायची ते सांगणारा कोड, टाकायचा कंटाळा केला, की जँगो सगळ्यांना असंच कैद्यासारखं नंबराने पुकारतो. कोण हा आळशी म्हणून गिटमध्ये, म्हणजे कोणती ओळ कोणी लिहिली त्याच्या वहीत, जाऊन पाहिलं. मीच होतो.

बरं, नावं नंतर बघू, आधी मोजून घेऊ. मोजले.

"काका, वीस आहेत."

पलीकडे शांतता. मग, "वीस? अहो, आमच्या चेअरमनसाहेबांच्या वाड्यातच वीस निघतील."

तेव्हा कुठे यादीचं शेपूट वाचलं. 'रिमेनिंग एलिमेंट्स ट्रंकेटेड.' म्हणजे बाकीची मंडळी आहेत, पण दाखवणार नाही. ज्या गिटारवादकावरून जँगो हे नाव पडलं, त्या जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाली होती. तरी तो उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवायचा. त्याच्या नावाचं हे फ्रेमवर्क मात्र हातापायांची वीस बोटं संपली की यादी छापायचं थांबतं.

काउंट लावला. १८७.

"तीनशेच्या वर पाहिजेत," काका म्हणाले. त्यांच्याकडे डेटाबेस नव्हता, तीस वर्षांची नोकरी होती.

मघाचीच ओळ परत आणायला वरचा बाण दाबला, तर जरा जास्तच दाबला गेला आणि कर्सरसमोर गेल्या महिन्यातली एक ओळ येऊन उभी राहिली. तिच्या शेवटी डिलीट. टेस्टच्या वेळची, निरुपद्रवी. पण आज खिडकी प्रॉडक्शनची, म्हणजे खऱ्याखुऱ्या सभासदांच्या डेटाची होती. मी एंटरवरचं बोट असं उचललं, जसं तव्यावरून उचलतात. फोनवर काका विचारत होते, "काय झालं? श्वास का थांबला?"

मग सभासदांच्या गावांची सगळी वेगवेगळी रूपं काढून बघितली आणि कपाळाला हात लावला. कोणी 'कराड' लिहिलेलं, कोणी 'कर्हाड', कोणी इंग्रजीतून. इथपर्यंत समजू शकतो. पण 'कऱ्हाड'सुद्धा दोन! पडद्यावर जुळी भावंडं, तीळसुद्धा त्याच गालावर. एकात नुक्त्याचा ऱ. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे लपलेला शून्य रुंदीचा जोडक. ज्याची रुंदीच शून्य, तो डोळ्यांना दिसणार कसा? डेटाबेसला मात्र बरोबर दिसतो, आणि त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. आपल्या भाषेच्या त्या डौलदार अर्ध्या र ने माझे शंभरावर सभासद गिळले होते.

सगळे कराड एका ओळीत ओवले, स्ट्रिंग मेथड लिहिली, विसाची मर्यादा चुकवायला एकेक नाव लूपमधून छापलं. ३४२. दोन मिनिटांच्या कामाला पावणेदोन तास झाले होते. यादी पाठवली आणि चहा मागवला.

चहा यायच्या आत फोन.

"साहेब, यादी झकास. पण यात माझंच नाव नाही की!"

आता नावानेच शोधलं. एकच ऑब्जेक्ट आला. गावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'क-हाड'. मधोमध ठसठशीत डॅश.

"काका, तुमची एंट्री कोणी केली होती हो?"

"कोणी म्हणजे? मीच की. तो अर्धा र मेला उठतच नव्हता त्या कीबोर्डवर."