एकवीस दिवसांत पाळीच्या कळा ‘कायमच्या’ जातात काय?

बडोद्यातील मराठी घरांच्या व्हॉट्सॲप समूहांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या नात्यागोत्याच्या समूहात तो तीन वेगवेगळ्या काकूंनी तीनदा पाठवला. त्याचा सारांश असा : पाळीच्या वेळी ओटीपोटात कळा येणे हे चुकीच्या राहणीचे फळ आहे, मुलीने गार पाणी, दही आणि लोणचे सोडावे, चार दिवस जिना चढू नये, दुखण्यावरची गोळी घेऊ नये कारण तिने गर्भाशय सुकते, सकाळी सुंठेचे पाणी प्यावे आणि रात्री पोट शेकावे. एकवीस दिवस एवढे पाळले की दुखणे कायमचे जाते, आणि त्यातूनही राहिलेच तर लग्नानंतर आपोआप थांबते. मी अनेक वर्षे मुलींना शरीरशास्त्र शिकवले आहे. हा मजकूर सर्वस्वी खोटा असता तर मी त्याच्या वाटेला गेले नसते. त्यात दोन-तीन खऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्याच आधाराने बाकीचा भाग खपून जातो, म्हणून लिहिणे भाग पडले.

सुरुवात ‘चुकीच्या राहणीचे फळ’ या शब्दांपासूनच करायला हवी, कारण सगळा मजकूर त्यांच्यावर उभा आहे. गर्भधारणा झाली नाही की बीजोत्सर्गानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज सुटल्यावर, वाढलेले प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण उतरते, गर्भाशयाचे आतले अस्तर सुटू लागते आणि त्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूला काही क्षण पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि कळ येते. पाळीच्या पहिल्या दिवशी अनेकींना मळमळते किंवा पातळ शौचाला होते, तेही बहुतांशी याच द्रव्यांमुळे. ज्यांना कळा जास्त येतात त्यांच्या अस्तरात ही द्रव्ये अधिक सापडतात. म्हणूनच पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने न दुखणाऱ्या मुलीला पुढे सहा महिन्यांनी वा वर्षाने, नियमित बीजोत्सर्ग होऊ लागला की, दुखायला लागते. त्या वर्षभरात तिची राहणी बिघडलेली नसते, तिचे शरीर वयात आलेले असते. सवयींनी या वेदनेत कमी-जास्त होऊ शकते, पण वेदना हा मुलीच्या सवयींविरुद्धचा पुरावा नव्हे.

गार पाण्याने ‘रक्त गोठून गाठी होतात’ हे तर जठर आणि गर्भाशय एकाच नळीने जोडल्यासारखे झाले. प्यालेले पाणी जठरातच शरीराच्या तापमानाला येते. त्याचा गारवा ओटीपोटापर्यंत पोचत नाही. गाठी पडतात त्या स्राव इतक्या वेगाने होतो की रक्त पातळ ठेवणारी द्रव्ये अपुरी पडतात म्हणून. त्या वारंवार मोठ्या, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या, पडत असतील तर माठातले पाणी बंद करण्याऐवजी हिमोग्लोबिन तपासावे. दह्या-लोणच्याबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही. एखादीला त्या दिवसांत तिखट सेव-उसळ सोसत नसेल तर तिने ती खाऊ नये, पण तो नियम तिच्या पोटाचा आहे, पाळीचा नाही. 

जिना चढू नये, चार दिवस पडून राहावे, हा सल्ला मात्र नुसता निराधार नसून उलटा आहे. २०१९ साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा या विषयावरील चाचण्यांचा जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात असे दिसले की आठवड्यातून किमान तीनदा, प्रत्येक वेळी पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची वेदना शंभर मिलिमीटरच्या मोजपट्टीवर सुमारे २५ मिलिमीटरने कमी झाली. पुराव्याची प्रत आढावा घेणाऱ्यांनीच कमी ठरवली आहे, हेही सांगायला हवे. तरीही दिशा स्पष्ट आहे, आणि व्यायाम जोराचाच हवा असेही नाही; योगासने आणि स्नायू ताणण्याचे सौम्य प्रकारही त्यात होते. मात्र हा लाभ महिनाभर नेमाने केलेल्या व्यायामाचा आहे. कळ आल्यावर कमाटी बागेला एक फेरी मारून तो पदरात पडत नाही. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचा अभिमान सांगणाऱ्या गावात मुलींना चार दिवस जिनाही वर्ज्य करावा, याचे मला नवल वाटते. गरब्याच्या नऊ रात्रींत पाळी आलेल्या किती मुली मैदानावर घुमत असतात हे त्यांच्या मैत्रिणींना विचारावे. जिला खरोखर उठवत नाही तिने खुशाल पडून राहावे. तो आराम आहे, उपचार नाही.

आता शेक आणि सुंठ, म्हणजे मजकुरातला खरा भाग. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर सुमारे ३९ अंश सेल्सियसची ऊब सतत ठेवणारी पट्टी आयबुप्रोफेनच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळीइतकीच उपयोगी ठरली. यातला ३९ हा आकडा लक्षात ठेवावा. माझी भाची उकळते पाणी भरलेली रबरी पिशवी लोकरीच्या खोळीतून काढून थेट पोटाला लावून झोपत असे. पाच-सहा महिन्यांनी तिच्या बेंबीखाली जाळीदार, कॉफीच्या रंगाचे डाग उमटले आणि घरात सगळे घाबरले. अति उष्णता पुनःपुन्हा लागल्याने त्वचेवर असे डाग पडतात. ऊब हवी, चटका नको, आणि ती कळा येत असताना हवी. मजकुरात सांगितल्याप्रमाणे एकवीस दिवस रोज रात्री शेकून काही साधत नाही. सुंठेचेही तसेच. छोट्या चाचण्यांत पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज पाऊण ते दोन ग्रॅम सुंठपूड घेतल्याने वेदना कमी झाल्याचे आढळले आहे. पित्ताचा त्रास नसेल तर जरूर घ्यावी, पण तिच्याकडून ‘कायमचे’ काही अपेक्षू नये.

गोळीने गर्भाशय सुकते, हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की ॲस्पिरिनच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. त्या कामाचा वाटा असलेले नोबेल त्यांना १९८२ मध्ये मिळाले. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही त्याच कुळातली औषधे होत. ती दुखणे नुसते झाकत नाहीत, ज्या द्रव्यामुळे दुखते तेच कमी करतात. म्हणूनच कळ असह्य होईपर्यंत दात-ओठ खाऊन थांबण्यापेक्षा पाळी सुरू होताच घेतलेली गोळी अधिक गुण देते. या औषधांचा बीजोत्सर्गाशी काहीच संबंध नाही असेही नाही : बीजोत्सर्गाच्या सुमारास ती सतत घेतली तर बीज सुटणे लांबू शकते, औषध थांबवल्यावर हा परिणाम जातो, आणि पाळीचे दोन-तीन दिवस म्हणजे काही तो काळ नव्हे. खरी पथ्ये वेगळीच आहेत. गोळी उपाशीपोटी घेऊ नये. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा अशा गोळीने दमा उसळण्याचा अनुभव असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिडनंतर अंगावर पुरळ आणि ताप आला तर ती लगेच थांबवून दवाखाना गाठावा. भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये या औषधाच्या गंभीर ॲलर्जीबद्दल सूचनाही काढली होती.

एकवीस दिवसांची मुदत कोणी ठरवली ते कळत नाही, पण बहुतेक मुलींचे पाळीचे चक्र त्याहून मोठे असते. म्हणजे पुढची पाळी येण्याआधीच उपाय पूर्ण! शिवाय माणूस उपाय धरतो तो फार दुखलेल्या महिन्यानंतर, आणि पुढचा महिना काहीही न करता जरा बरा जाण्याची शक्यता असतेच. श्रेय सुंठेच्या पाण्याला मिळते.

राहता राहिले लग्न. पहिल्या बाळंतपणानंतर काहींच्या कळा कमी होतात, हे खरे. मंगळसूत्राचा गर्भाशयावर परिणाम होत नाही. या आश्वासनाचा तोटा असा की तपासणी लांबते. प्रजननक्षम वयातील साधारण दहा टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो, म्हणजे अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते, आणि त्याचे निदान व्हायला अनेकदा वर्षानुवर्षे जातात. दुखणे वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही होत असेल, शौचाच्या वेळी कळ येत असेल, दर महिन्याला शाळा बुडत असेल किंवा वेळेवर घेतलेली गोळीही पुरत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे, आणि सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून विषय मिटवू नये, कारण हा आजार सोनोग्राफीत नेहमी दिसतोच असे नाही.

भाचीला आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाच्याच चौकोनांत, लिहायला लावले : दुखणे शून्य ते दहापैकी किती, किती तास, गोळी केव्हा घेतली, शाळेत गेली की नाही. तीन महिन्यांची ती पाने घेऊन ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी आधी ती पाने वाचली आणि मगच प्रश्न विचारायला सुरुवात केली.