दोन वर्षांचं मूल आणि दहा हजार पावलं

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या मनगटाला फिटनेस बँड बांधा. 10,000 पावलं झाली तर मूल पुरेसं खेळतंय, नाहीतर आळशी आहे. आकडा खोटं बोलत नाही.’

आधी हे 10,000 बघू. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता, आणि तिथून हा आकडा पसरला. बाळांचा त्याच्याशी काही संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचना एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी मिनिटांत बोलतात: दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल, हळू असो की जोरात.

‘आकडा खोटं बोलत नाही.’ खरंय, पण तो आकडा कशाचा? बँडमधल्या सेन्सरला खेळ कळत नाही, फक्त वेगातला बदल कळतो. मूल कडेवर घेऊन तुम्ही जिना चढलात, तर ते धक्के मुलाच्या खात्यात जमा होऊ शकतात. झोका आणि बाबागाडीचंही तेच. उलट, खेळण्यातली गाडी दोन्ही हातांनी ढकलत मूल घरभर धावलं, तर मनगट जवळपास स्थिर, म्हणून पावलं गायब. मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 12 ते 19 महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली, ती व्हिडिओ बघून: तासाला सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं. पडून उठण्याची ही मेहनत बँडच्या पावलांत कुठे दिसणार?

शिवाय या वयाची धाव काही सेकंदांची. मिनिटाची सरासरी काढली की ती विरघळून जाते. म्हणून संशोधक 15 सेकंद किंवा त्याहून लहान तुकडे धरतात, सेन्सर बहुधा कमरेला बांधतात, कोणती हालचाल हळू आणि कोणती जोराची, याच्या सीमा लहान मुलांवरच तपासून ठरवतात आणि पट्टा कित्येक दिवस ठेवतात. मूल कधी कडेवर होतं, कधी झोपलं, याची नोंद पालकांनी ठेवली तर आकड्यांचा अर्थ लावता येतो. एवढं सगळं केल्यावर सेन्सर उत्तम साधन आहे. पालकांच्या अंदाजापेक्षा तर नक्कीच.

राहिलं ‘आळशी’. दात येत असलेलं, रात्रभर न झोपलेलं मूल एखादा दिवस मांडीवरून उतरत नाही. त्या दिवशी बँड काढून ठेवा.