भूलशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुन्हा तेच, "फक्त पाठ कर!"

चुकीचा सिलिंडर बसू नये म्हणून भुलीच्या मशीनवर ठरावीक जागी पिना असतात. ऑक्सिजनच्या पिना कुठल्या जागी? दोन-पाच! नायट्रस ऑक्साइडच्या? तीन-पाच! पोपटासारखं उत्तर येतं. मग सिलिंडर योकला, म्हणजे मशीनवरच्या त्याच्या चौकटीला, लावून दाखव म्हटलं की हात थांबतात. मधलं बोडोक सील, म्हणजे सांधा घट्ट बसवणारी चकती, नसेल तर गॅस कुठून गळेल, हे कोण सांगणार?

किती वर्षं चालणार हे? सीनियर ज्युनियरच्या हातात झेरॉक्स ठेवतो, "एवढंच विचारतात." एमडीच्या पहिल्या वर्षाचं भूलशास्त्र म्हणजे काय आकड्यांची यादी आहे?

नायट्रस ऑक्साइडचं क्रिटिकल टेंपरेचर (याच्या वर वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही) 36.5 अंश, सगळ्यांना पाठ. अरे, नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो! पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या सिलिंडरमध्ये तेव्हा द्रव किती? एक थेंबही नाही! म्हणूनच उष्ण देशांत सिलिंडर भरण्याचं प्रमाण (गॅसचं वजन भागिले सिलिंडरमध्ये मावणाऱ्या पाण्याचं वजन) 0.67, थंड देशांत 0.75. उदाहरण दारात उभं असताना वही कसली घोकता?

आणि बेन सर्किट, पेशंटला गॅस पोचवणारी ती नळीतली नळी! नियंत्रित श्वासाला ताजा गॅस 70 मिली प्रति किलो प्रति मिनिट, पाठ. पण आतली नळी मशीनच्या टोकाला सुटली तर अख्खी बाहेरची नळी डेड स्पेस, म्हणजे ताजा गॅस न मिळणारी वाया जागा, होते, पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढत राहतो. ते पकडायला पेथिक टेस्ट, म्हणजे आतल्या नळीची तपासणी, हातानेच करावी लागते. पेशंटकडचं टोक बंद करा, बॅग भरा, टोक सोडा आणि त्याच क्षणी ऑक्सिजन फ्लश (ऑक्सिजन जोरात सोडणारं बटण) दाबा. बॅग चपटी झाली तर नळी शाबूत. फुगलेलीच राहिली तर सर्किट बदला. अर्ध्या मिनिटाचं काम! सर्किट रोज ऑपरेशन थिएटरमध्ये समोरच लटकलेलं असतं ना? मग पहिली केस आत यायच्या आधी करा की!