नवी पेठ नवी करायची कृती

सोलापूरची मध्यवर्ती बाजारपेठ सुधारायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर आधी अभिनंदन आणि लगेच एक सावधगिरीची सूचना. काम चुकून पूर्ण होऊ देऊ नका. पूर्ण झालेल्या कामाला नावं ठेवता येतात. रखडलेल्या कामाला फक्त तारखा देता येतात, आणि तारखांचा आपल्याकडं कधी तुटवडा पडलेला नाही. शिवाय पेठेचं नावच नवी पेठ आहे. म्हणजे निम्मं काम पूर्वजांनी नाव ठेवतानाच उरकलंय. राहिलेलं निम्मं कसं राहू द्यायचं, तेवढंच आपल्याला बघायचं आहे.

सुरुवात हद्दीपासून करा. नवी पेठ नेमकी कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवा. कुणीतरी म्हणेल, चाटी गल्ली घेतल्याशिवाय अर्थ नाही. (चाटी म्हणजे कापडविक्या. गल्लीच्या नावातच धंदा आहे, तिला वगळणार कसं?) मग मधला मारुती येईल, टिळक चौक येईल, सराफ कट्टा येईल, माणिक चौक आपणहून येईल. लक्ष्मी मंडईवाल्यांनी काय पाप केलंय? तिसऱ्या बैठकीपर्यंत हद्द भुईकोट किल्ल्याच्या खंदकाला टेकली पाहिजे. हद्द वाढली की खर्च वाढतो, खर्च वाढला की मंजुरी वरच्या कार्यालयात जाते, आणि वर गेलेली फाईल खाली यायला जिने फार असतात.

मग मोजणी. सल्लागार बाहेरगावचाच नेमा. त्याला गल्ल्या समजून घ्यायलाच दोन महिने लागतात आणि त्याचं बिल निघतं. रस्त्याची रुंदी सकाळी सातला मोजायची. तेव्हा शटर बंद असतात, पायऱ्या मोकळ्या असतात आणि रस्ता खरोखर रस्त्याएवढा दिसतो. फोटो मात्र संध्याकाळी सातला काढायचे. तोवर साडी नेसवलेले पुतळे बाहेर आलेले असतात, पत्र्याच्या शेडखाली हँगर लटकतात, त्यापुढं दुचाकींची एक रांग, तिच्यापुढं हातगाड्यांची दुसरी, आणि उरलेल्या पट्ट्यात समोरासमोर आलेल्या दोन रिक्षा. वाहतुकीचं गणित सकाळच्या आकड्यावर मांडा आणि कामाची निकड संध्याकाळच्या फोटोवर. दोन्ही खरे आहेत, त्यामुळं खोटं बोलल्याचा ठपका कुणावर येत नाही. टेपचं टोक धरून उभ्या असलेल्या पोराला एखादा दुकानदार गल्ल्यावरूनच विचारेल, "परत मोजलालाव काय बे?" त्यानं हसून पुढं सरकायचं.

अहवालाच्या मुखपृष्ठावर संगणकावर काढलेलं रंगीत चित्र हवंच. चित्रात झाडं असावीत, कारंजं असावं, बाकावर वाचत बसलेली तरुणी असावी. हातगाडी, गाय आणि विजेची तार नसावी. काचेच्या छताचा मॉल दाखवायला हरकत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, काचेखाली काय शिजेल हे चित्रात दिसत नाही.

आता खरी गंमत मालकीत आहे, तिथं घाई करू नका. पेठेतल्या कुठल्याही जुन्या वाड्याची मिळकत पत्रिका काढा. तिच्यावरचं नाव बहुतेक वेळा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतल्या माणसाचं असतं. वारस डझनावारी, त्यातले काही पुण्यात, काही हैदराबादला आणि दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात. खाली आठ फुटी दुकानात पागडीचा, म्हणजे सुरुवातीलाच मोठी रक्कम मोजून बसलेला भाडेकरू, त्याच्या पायरीवर घड्याळं दुरुस्त करणारा पोटभाडेकरू, पोटमाळ्यावर तिसऱ्याचंच गोदाम. यांतल्या प्रत्येकाची संमती घ्या, आणि तीही एकाच वेळी घ्या. पागडीला १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मान्यता दिलेली असल्यामुळं भाडेकरूला कुणी सहज हलवू शकत नाही. भाडं इतकं जुनं असतं की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि पागडी इतकी मोठी दिलेली असते की भाडेकरूला जाणं परवडत नाही. इमारत मात्र दोघांचीही वाट न बघता झिजते. तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनेची तपासणी लागते, ती नोटीस दोघांनाही पाठवा. दोघंही ती एकमेकांकडं पाठवतील.

रस्ता रुंद करायचा असेल तर महापालिका अधिनियमाचं कलम २१० हाताशी आहेच. त्यात रस्त्याची नियमित रेषा आखता येते. ती आखा आणि स्वस्थ बसा. ज्याची इमारत नव्यानं बांधायला येईल, त्याला रेषेच्या मागं सरकावं लागतं. शेजारी जागचा हलत नाही, कारण त्याला बांधायचंच नसतं. दहा-वीस वर्षांनी रस्त्याची कड पडक्या दातांच्या कवळीसारखी दिसते. एक दुकान दीड मीटर आत, दुसरं बाहेर, तिसरं पुन्हा आत. आत गेलेल्या खाचेत दुसऱ्या दिवशी पहाटे कांदे-बटाट्याची गाडी लागते, त्यामुळं रुंदीकरणाचा उपयोग झाला नाही असं म्हणता येत नाही. हे बघून बाकीचे शहाणे होतात. ते नव्या बांधकामाची नाही, दुरुस्तीची परवानगी मागतात. पुढची भिंत उभी ठेवायची, तिच्यामागं हिरवी जाळी लावायची आणि जाळीमागं तीन मजले नवे चढवायचे. भिंत जुनी, म्हणजे इमारत जुनी, म्हणजे रेषा लागू नाही.

पार्किंगसाठी जागा राखीव ठेवायला विसरू नका. आरक्षण टाकायला पैसे लागत नाहीत, ते फक्त ताब्यात घेताना लागतात. विकास आराखड्यात निळा-करडा चौकोन रंगवून दहा वर्षं गेली की जागामालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप गळून पडतं. एवढ्या बारा वर्षांत तुमची बदली नक्की झालेली असते. तोपर्यंत सम-विषम पार्किंग चालू ठेवा. सम तारखेला या बाजूला, विषमला त्या. महिना ३१चा असला की ३१ आणि १ या दोन्ही विषम तारखा लागोपाठ येतात, आणि त्या सकाळी बाजू बदलून गाडी लावणारा सगळ्यात नियमशीर माणूस पावती फाडतो. बहुमजली पार्किंगचा हिशेबही सोपा आहे. एका मोटारीला २.५ बाय ५ मीटर, एका स्कूटरला १ बाय २. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा स्कूटर. पेठेत येणारं गिऱ्हाईक बहुतेक दुचाकीवरचं असतं, म्हणून आराखडा मोटारींचा करा.

खोदकामाबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण खरा पैसा आणि खरी धूळ तिथंच आहे. शहाण्या क्रमानं आधी ड्रेनेज सगळ्यात खोल, मग पाण्याची लाईन तिच्यापासून अंतर राखून, मग केबल, आणि गल्ली ओलांडायच्या जागी रिकाम्या नळ्या टाकून ठेवायच्या, म्हणजे पुढं कुणाला रस्ता फोडावा लागत नाही. तुम्ही नेमकं उलटं करा. आधी रस्ता. त्याचं उद्घाटन होऊ द्या. मग केबलवाले, मग नळजोड, आणि शेवटी ड्रेनेज. चर बुजवताना पंधरा-वीस सेंटीमीटरचा एकेक थर पाणी मारून ठोकून बसवायचा असतो. तो एकदम भरा आणि वर जेसीबीचं चाक फिरवा. पहिल्या वळवात चर बसतो आणि चराच्या नकाशाबरहुकूम डबकं तयार होतं. ते बघून पुढच्या ठेकेदाराला कुठं खोदायचं हे न विचारता कळतं.

पेव्हर ब्लॉकचंही तसंच. टेम्पो जाणार असेल तर ८० मिलिमीटर जाडीचा, एम-४० या मजबुतीच्या काँक्रीटचा ब्लॉक लागतो, खाली तीनेक सेंटीमीटर वाळूचा गादीसारखा थर आणि दोन्ही कडांना पक्का कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवून धरणारा कठडा. पदपथाचा ६० मिलिमीटरचा ब्लॉक टाका, कर्ब पुढच्या टप्प्यात दाखवा. कडेला अडवणारं काही नसलं की रांग सरकते, सांधे उघडतात आणि पावसात प्रत्येक तिसरा ब्लॉक पिचकारी मारतो. साडीच्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पोटऱ्यांवर ती बरोबर बसते.

आणि सोलापूरचं खास म्हणजे पाण्याची पाळी. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणून नव्या लाईनची चाचणी चर उघडा असताना दाब देऊन घ्यावी लागते. ती घेऊ नका. बुजवा, ब्लॉक बसवा, फोटो काढा. तीन-चार दिवसांनी रात्री कधीतरी पाळी येते, नळजोडाच्या सांध्यातून पाणी वाळूत उतरतं, आणि सकाळी माल उतरवायला आलेल्या टेम्पोचं मागचं चाक गल्लीच्या मधोमध खाली जातं. गळती सापडली, असं म्हणा. सापडणं हीसुद्धा प्रगतीच आहे.

डांबराचे थर जुना न खरवडता एकावर एक चढवा. तीन थरांत दुकानाची एक पायरी गायब होते. जोतं रस्त्याखाली गेलं की पावसाचं पाणी आत येतं, दुकानदार उंबऱ्यावर सिमेंटचा बंधारा घालतो आणि पलीकडं उतरायला बाहेर नवी पायरी काढतो. त्या पायरीला अतिक्रमण म्हणतात. ते हटवायला मोहीम लागते.

कोणी विचारलं की काम सलग का होत नाही, तर पंचांग उघडून दाखवा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज माणिक चौकातून, विजापूर वेशीवरून, पंचकट्ट्यावरून सिद्धेश्वराकडं जातात. तो उंच ध्वज एकटा भक्त पेलत असतो, त्याच्या पायाखाली चर ठेवणार का? फेब्रुवारीत शिवजयंती. मार्चमध्ये काम नसतं, बिलं असतात. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका, मग बसवजयंती, आणि तोवर लगीनसराई लागलेली. खेड्यापाड्यांतून बस्ता बांधायला जीपभरून माणसं येतात, तेव्हा गल्ली बंद केली तर व्यापारी तुम्हाला बंद करतील. मे महिन्यात काँक्रीटला पाणी मारावं लागतं आणि पाणी पाळीनं येतं. जूनमध्ये गणवेश, मग पाऊस, गणपती, नवरात्र, कोजागरीला तुळजापूरला चालत निघालेली गर्दी, दिवाळी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, म्हणजे मीना बाजार कधी ना कधी प्रत्येक महिन्याला भेटून जातो. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न होईपर्यंत दहा-बारा दिवस मोकळे सापडतात. त्यात आचारसंहिता बसते.

फेरीवाल्यांसाठी २०१४चा कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समिती आहे, समितीत ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींना आहेत आणि पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण व्हायला हवं. सर्वेक्षणाची तारीख आधी जाहीर करा, म्हणजे त्या दिवशी पेठेत दुप्पट गाड्या लागतील. मग त्यांना गिऱ्हाईक जात नाही अशा मैदानावर पट्टे मारून जागा द्या. आठवडाभर ते तिथं बसतील. बाराव्या दिवशी मैदानावर क्रिकेट चालू असेल.

निविदेचं फारसं सांगण्यासारखं नाही. तीन आल्या नाहीत तर मुदतवाढ, तरी नाही आल्या तर फेरनिविदा, तोवर सरकारी दरसूची बदलते आणि अंदाजपत्रक पहिल्यापासून.

२०१६च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं, तेव्हा असा सगळा अभ्यास हाताशी असता तर बरं झालं असतं. असो. नवी योजना येतेच. तिचं नाव वेगळं असेल आणि सल्लागार नवा असेल. त्याला जुने नकाशे देऊ नका, त्याचा हुरूप जाईल. सकाळी सातला मधल्या मारुतीजवळ उभं करा. शटर वर करता करता तो दुकानदार विचारेलच, "परत मोजलालाव काय बे?"

या वेळी उत्तर वेगळं द्या. सांगा, "ह्या टायमाला ड्रोननं."