सीमा ओलांडल्यावर वाढणारा खर्च

सोलापूरहून हैदराबादला बिऱ्हाड हलवण्याच्या खर्चाचा अंदाज देणाऱ्या या लेखात ट्रकचे भाडे, पॅकिंग आणि हमाली यांचा हिशेब नीट मांडला आहे. परंतु अंतर साधारण ३०० किलोमीटर असले तरी राज्य बदलते आणि खर्च खरा तिथे वाढतो, हे त्यात आलेले नाही. सोलापूरच्या एमएच-१३ क्रमांकाची गाडी तेलंगणात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर इथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि तिथला कर आधी भरावा लागतो. इथे भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा अर्ज केल्यावर मागाहून मिळतो. तोवर ती रक्कम अडकून पडते, म्हणून जुनी गाडी इथेच विकून जाणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

गॅसचेही तसेच. सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केल्यावर अनामत जुन्या दराने परत मिळते, नवी मात्र चालू दराने भरावी लागते.

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचे ऑनलाइन पत्रक) लागत नाही, तरीही सामानाची यादी करून तिच्यावर वाहतूकदाराची सही घ्यावी. नुसते ‘शिलाई मशीन’ न लिहिता ‘पायाचे शिलाई मशीन, डावीकडे फळीला चीर’ असे लिहिले, तर विम्याच्या दाव्यात वाद उरत नाही. वर्षाची मालदांडी ज्वारी पोत्यांनी सोबत नेण्याचा मोह आपल्याकडे हमखास होतो (आमचे घरही त्याला अपवाद नाही), मात्र ती पोती कितव्या मजल्यावर चढवायची आहेत, हे सांगूनच हमाली ठरवावी.